गॅरेजमधल्या बिअर फ्रीझरसाठी वेगळं सर्किट : कामाच्या नोंदी

घर न्यू जर्सीतलं, १९८६ सालचं. गॅरेज घराला चिकटून, विजेचं पॅनल, म्हणजे ब्रेकरांची पेटी, तळघरात. ७ क्युबिक फुटांचा चेस्ट फ्रीझर, त्यात घरी केलेल्या बिअरचे ५ गॅलनचे दोन केग, म्हणजे धातूची पिंपं, आणि कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर. या पेटीला भरवशाची वीज द्यायची, एवढंच काम होतं. तसं करू पाहणाऱ्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून नोंदी ठेवल्या. नियम राज्यागणिक आणि कोडच्या, म्हणजे वीजकामाच्या नियमावलीच्या, आवृत्तीगणिक बदलतात, तेव्हा आपल्या टाउनशिपच्या ऑफिसात विचारल्याशिवाय इथलं काही जसंच्या तसं करू नका.

२३ मार्च २०२४

वापरलेला फ्रीझर ११० डॉलरला मिळाला. मागच्या पट्टीवर ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झ, १.५ अँपिअर असं छापलंय. आतला गॅस आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, पेट घेणारा. त्यामुळे बिअरच्या नळांसाठी फ्रीझरच्या अंगाला भोक पाडायचं नाही. कंडेन्सरच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या, नळ्या पत्र्याच्या आतून फिरलेल्या असतात आणि कुठून फिरल्यात ते बाहेरून कळत नाही. झाकण आणि पेटी यांच्यामध्ये टू-बाय-सिक्स लाकडाची चौकट बसवली आणि नळ त्या चौकटीत घेतले. बिजागऱ्याही चौकटीलाच, म्हणजे झाकण उघडताना नळ जागचे हलत नाहीत.

फ्रीझरचा स्वतःचा थर्मोस्टॅट बर्फ करण्यासाठी असतो, आपल्याला लागतात ३८ अंश फॅरनहाइट. म्हणून मध्ये बाहेरचा टेंपरेचर कंट्रोलर लावला. तो भिंतीतल्या आउटलेटमध्ये आणि फ्रीझर त्याच्यात. कंट्रोलरची मर्यादा १० अँपिअर आहे.

प्लगमध्ये लावायच्या वॉटमीटरवर फ्रीझर चालू असताना १ अँपिअरच्या आसपास, साधारण ९० वॉट. सुरू होतानाचा झटका हे मीटर पकडत नाही. ऑफिसमधल्या एकाचा क्लॅम्प मीटर आणून पाहिलं तर करंट क्षणभर ९ अँपिअरच्या वर जातो. म्हणजे चालताना गरीब गाय, उठताना तेवढी लाथ मारते.

सध्या गॅरेजच्या जुन्या आउटलेटवर. फ्रीझरची वायर पोचत नव्हती म्हणून १६ गेजची नारिंगी एक्स्टेन्शन कॉर्ड जोडली. (गेज म्हणजे वायरीच्या जाडीचा आकडा; आकडा लहान तितकी वायर जाड.)

३० मार्च

कंप्रेसर सारखा चालू-बंद. कारण वायरिंगचं नव्हतं, कंट्रोलरचा सेन्सर आत हवेत लोंबत होता. झाकण उघडलं की हवा तापते, कंप्रेसर सुरू; झाकण लावलं की मिनिटा-दोन मिनिटांत हवा गार, कंप्रेसर बंद. एकदा तर लगेच पुन्हा सुरू व्हायला गेला आणि नुसता घुमला. मग टक् असा आवाज आणि शांतता. कंप्रेसर थांबल्यावर आतला दाब दोन्ही बाजूंना समान व्हायला काही मिनिटं लागतात. त्याआधी वीज दिली तर मोटर फिरत नाही, नुसता करंट ओढते, आणि तिच्यातला ओव्हरलोड संरक्षक वीज तोडतो.

सेन्सर केगच्या अंगाला टेपने चिकटवला, वरून फोमचा तुकडा. आता तो हवेचं नाही तर बिअरचं तापमान सांगतो. कंट्रोलरमधला कंप्रेसर डिले, म्हणजे बंद झाल्यावर पुन्हा सुरू व्हायच्या आधी थांबायचा वेळ, ३ मिनिटांवरून १० वर नेला. टकटक बंद.

५ एप्रिल

सकाळी १० वाजून २३ मिनिटांनी भूकंप! न्यू जर्सीत! ४.८ तीव्रतेचा. फळीवरून काही पडलं का म्हणून गॅरेजमध्ये गेलो तर कंट्रोलरचा स्क्रीन काळा. पहिला संशय अर्थातच भूकंपावर. पण बिअर ४७ अंशांवर होती आणि दोन भरलेले केग मिनिटांत एवढे तापत नाहीत. वीज आधीच कधीतरी गेलेली होती.

पॅनलमधला ब्रेकर शाबूत. भिंतीतला जीएफसीआय, म्हणजे करंट जमिनीकडे गळला की वीज तोडणारं संरक्षक आउटलेट, पडलेला. रीसेट दाबला, लागला, संध्याकाळी पुन्हा पडला. बिअर खराब झाली नाही, नळातून नुसता फेस आला. एप्रिलऐवजी जुलै असता तर एवढ्यावर भागलं नसतं.

७ एप्रिल

ब्रेकर पाडून घरभर टेबललॅम्प घेऊन फिरलो. कुठे कुठे वीज गेली ते कागदावर लिहिलं. हे फ्रीझर घेण्याआधी करायला हवं, तासाभराचं काम आहे.

त्या एका १५ अँपिअरच्या ब्रेकरवर निघालं ते असं: गॅरेजमधली दोन आउटलेट, मागच्या अंगणातलं एक, पुढच्या दारापाशी नाताळच्या दिव्यांसाठी एक, आणि वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधलं आउटलेट. हो, बाथरूम. त्या काळात जीएफसीआय महाग होता, तेव्हा बांधणारे गॅरेजमध्ये एकच लावून त्याच्या पुढे बाथरूम आणि बाहेरची आउटलेटं ओवून टाकायचे. आमच्या गॅरेजच्या भिंतीतलं ते एक बटण सगळ्या घराच्या ओल्या जागा राखत बसलं होतं.

अंगणातल्या आउटलेटचं झाकण काढलं. गॅस्केट कुजलेलं, आत कोळ्याचं घर, स्क्रू हिरवे आणि डब्यात पाणी. आठवडाभर पाऊस होता. तिथून जमिनीकडे थोडा करंट गळायचा आणि जीएफसीआय पडायचा. हा जीएफसीआय ४ ते ६ मिलिअँपिअरला तोडतो, म्हणजे त्याने त्याचं काम चोख केलं. पण अंगणात पाणी शिरलं की गॅरेजमधली बिअर तापणार, ही जोडणीच चुकीची.

दुसरी भानगड मुलीच्या हेअर ड्रायरची. त्यावर १८७५ वॉट लिहिलंय. भागिले १२० म्हणजे १५.६ अँपिअर, एकटाच ब्रेकरच्या वर. ब्रेकर एवढ्याने लगेच पडत नाही, बराच वेळ सहन करतो. पण ड्रायर चालू असताना कंप्रेसर उठला तर काय, हे सांगायला नको.

८ एप्रिल

काय काय करता येईल याचा विचार, आणि काय का करायचं नाही.

ब्रेकर १५ चा काढून २० चा लावणं: नाही म्हणजे नाही. भिंतीतली वायर १४ गेजची आहे आणि तिला १५ च्या वर ब्रेकर चालत नाही. ब्रेकर वायर जळू नये म्हणून असतो. तो मोठा केला की वायर तापते आणि ब्रेकर शांत बसतो. केबलच्या रंगावर जाऊ नका. १४ पांढरी, १२ पिवळी, १० नारिंगी हा संकेत २००१ नंतरचा. जुन्या घरात सगळंच पांढरं असतं, तेव्हा आवरणावर छापलेलं वाचायचं.

जीएफसीआय काढून साधं आउटलेट लावणं: शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी हेच सुचवलं. "फ्रीझरला जीएफसीआय लावायचा नसतो" हे वाक्य इथे सगळीकडे ऐकू येतं. त्यात तथ्य होतं, पण जुन्या काळचं. गॅरेजमध्ये एका जागी पक्क्या बसलेल्या उपकरणासाठी कोडमध्ये सवलत होती, ती २००८ च्या आवृत्तीत काढून टाकली. आणि नियम सोडा. काँक्रीटची फरशी, ओली चप्पल, झाकणाच्या कडेला दव, आणि हात धातूच्या नळावर. इथे जीएफसीआय नको तर कुठे हवा? चांगल्या स्थितीतला फ्रीझर ५ मिलिअँपिअर गळत नाही. गळत असेल तर ते मला कळलेलं बरं.

एक्स्टेन्शन कॉर्ड कायमची ठेवणं: खरं सांगायचं तर १ अँपिअरला ती कॉर्ड हाताला कोमटसुद्धा लागली नाही. "कॉर्डने आग लागेल" ही भीती या फ्रीझरपुरती मला पटत नाही. पण ती गॅरेजच्या दाराखालून जाते, गाडीच्या चाकाखाली येते आणि फावड्यात अडकते. कॉर्ड तात्पुरत्या कामासाठीच असते.

उरलं नवं सर्किट. एका आउटलेटपुरतं.

९ एप्रिल, गुढीपाडवा

पुण्याला फोन. मामेभाऊ तिथे वायरिंगची कंत्राटं घेतो. त्याला सगळं सांगितलं.

"अरे, एक अँपिअरच्या डब्याला वीस अँपिअरचं सर्किट? लग्नाचा मांडव घालतोयस का?"

"दादा, इथे व्होल्टेज एकशेवीस. तुमच्या निम्मं. तेवढ्याच वॉटला करंट दुप्पट लागतो."

"पण तो एक अँपिअर तिथेच मोजलास ना? मग एकच राहिला."

त्याचं बरोबर आहे. फ्रीझरसाठी १५ अँपिअर आणि १४ गेज भरपूर झालं असतं. मी २० आणि १२ घेतोय त्याचं कारण फरक किरकोळ आहे हे. ५० फुटांच्या केबलमागे १५-२० डॉलर जास्त आणि ब्रेकर त्याच किमतीचा. उद्या त्याच जागी दुसरं काही लावायचं झालं तर भिंत पुन्हा फोडायला नको. त्याला समजावं म्हणून सांगितलं की १४ गेज म्हणजे साधारण २ चौरस मिलिमीटर आणि १२ गेज म्हणजे ३.३. त्यावर तो म्हणाला, "मग आमची अडीचची वायर तुमच्या दोन्हींच्या मधली, पण तिच्यावर आम्ही सोळाचा पॉइंट देतो."

अँपिअरपेक्षा त्याचा दुसरा प्रश्न महत्त्वाचा होता: "बाकी काही लटकवणार का त्याच्यावर?" नाही, हे सर्किट कुणाबरोबर वाटून घ्यायचं नाही. आणि पडलं तर मला दिसलं पाहिजे. मांडणी या दोन अटींवर ठरवली, करंटवर नाही.

पुण्यातल्या घरी सगळ्या घराला मिळून ३० मिलिअँपिअरचा एक आरसीसीबी, म्हणजे जीएफसीआयचाच भाऊ, आहे. तो पडला की पंखे थांबतात, लगेच आरडाओरडा होतो. इथे ५ मिलिअँपिअरवाला एका कोपऱ्यात गुपचूप पडतो.

१२ एप्रिल

टाउनशिपमध्ये परमिटचा अर्ज. न्यू जर्सीत स्वतः राहत असलेल्या, एकाच कुटुंबाच्या घराचं वायरिंग मालकाला करता येतं, पण परमिट काढून. बांधकाम परमिटचा अर्ज, सोबत वीजकामाचा एफ-१२० फॉर्म आणि हाताने काढलेला नकाशा. फी ९० डॉलर. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, कामाचे वीस दिवस धरा. इलेक्ट्रिशियनने पूर्ण कामाचे ५२५ सांगितले होते, परमिट वेगळं.

१४ एप्रिल

परमिट येईपर्यंत अंगणातलं आउटलेट दुरुस्त केलं. हवामान सोसणारं नवं आउटलेट (संरक्षण गॅरेजमधल्या जीएफसीआयचंच) आणि प्लग लावलेला असतानाही बंद होणारं फुगीर झाकण, दोन्ही मिळून २४ डॉलर. त्यानंतर पावसातही जीएफसीआय पडलेला नाही. कुणाचं दुखणं एवढंच असेल तर त्यांनी इथेच थांबावं, पुढचं काम त्यांना नको. आमच्याकडे हेअर ड्रायर शिल्लक आहे.

२७ एप्रिल

परमिट आलं. खरेदी:

१२/२ एनएम-बी केबल (१२ गेजच्या दोन वायरी आणि अर्थ असलेली घरगुती केबल) ५० फूट ५६ डॉलर. २० अँपिअरचा ब्रेकर ९. जीएफसीआय २७. २० अँपिअरचं एकेरी आउटलेट ६. खोल डबे दोन ६, त्यांच्या पट्ट्या ४. स्टेपल, लोखंडी पट्ट्या आणि आग रोखणारं सीलंट मिळून १९.

जीएफसीआय कुठे लावायचा यावर बराच वेळ गेला. पॅनलमध्ये जीएफसीआय ब्रेकर लावता येतो, पण तो पन्नास डॉलरच्या वर आणि तळघरात. पडला तर कुणाला दिसणार? नेहमीचं जीएफसीआय आउटलेट फ्रीझरच्या मागे लावलं तर रीसेट करायला फ्रीझर ओढावा लागेल. कोडलाही तो सहज हात पोचेल असाच हवा. शेवटी प्लगची भोकं नसलेला, नुसती टेस्ट-रीसेटची बटणं आणि छोटा दिवा असलेला जीएफसीआय घेतला. तो स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये उतरायच्या दाराशेजारी, डोळ्यांच्या उंचीवर. तिथून पुढे केबल फ्रीझरमागच्या एकेरी आउटलेटला. दूध आणायला बाहेर पडणाऱ्याला दिवा दिसतो.

आउटलेट एकेरी का, तर दुसरा प्लग लावायला जागाच नको. सर्किटवर एकच एकेरी आउटलेट असेल तर ते सर्किटएवढ्या क्षमतेचं लागतं, म्हणजे २० च्या सर्किटला २० चंच, ज्याच्या एका खाचेला आडवा फाटा असतो. नेहमीचं जोडआउटलेट दोन मोजलं जातं, म्हणून तिथे १५ चं चालतं.

४ मे

दिवसभर पॅनल आणि तळघर.

मेन ब्रेकर पाडला. लक्षात ठेवायचं ते हे की मेन पाडला तरी कंपनीकडून येणाऱ्या दोन जाड वायरी आणि त्यांचे स्क्रू जिवंतच असतात. मीटरने तपासलं, मग पुठ्ठ्याने ती बाजू झाकून घेतली.

भारतात ज्याने घरी वायरी जोडल्यात त्याच्यासाठी खास सूचना. आपल्याकडे काळी वायर म्हणजे न्यूट्रल, हे हातात बसलेलं असतं. इथे काळी म्हणजे फेज. न्यूट्रल पांढरी, अर्थ उघडी तांब्याची. डोक्याला माहीत असतं, हाताला नसतं. मी काळ्या वायरीवर लाल टेपचा एक वेढा मारून काम केलं, नंतर काढला. हसायचं त्यांनी हसावं.

आणलेला ब्रेकर जागेवर टचकन बसला. पण पॅनलच्या दारावरच्या यादीत तो नव्हता, दुसऱ्या कंपनीचा. बसतो म्हणजे चालतो असं नाही, त्या पॅनलसाठी मान्य केलेलाच लागतो. परत दुकान, परत वाहतूक, दोन तास. त्याच किमतीत योग्य तो मिळाला. रिकामी जागा नशिबाने होती, कारण आधीच्या मालकाने काढलेल्या इलेक्ट्रिक हीटरचा खण तसाच होता. जागा नसेल तर एका खणात दोन मावणारे टँडेम ब्रेकर मिळतात, पण कोणत्या खणात चालतात ते त्याच यादीत पाहायचं.

केबल तळघराच्या छतातल्या जॉइस्टमधून, म्हणजे आडव्या लाकडी तुळयांमधून, भोकं पाडून नेली. तिसऱ्या जॉइस्टमध्ये ड्रिल जुन्या खिळ्यावर गेलं आणि बिटचं टोक गेलं. नवं बिट २१ डॉलर. त्यापेक्षा लोहचुंबक फिरवून पाहायला अर्धा मिनिट लागतो.

५ मे

गॅरेजच्या भिंतीत. ड्रायवॉलची, म्हणजे भिंतीवरच्या जिप्सम फळीची, आठ इंची पट्टी कापली, तपासणी व्हायची म्हणून उघडीच ठेवली. ही घर आणि गॅरेज यांच्यामधली भिंत आहे, आग थोपवणारी, तेव्हा नंतर ती नीट बंद करावी लागणार.

डब्याच्या आकारमानाचा हिशेब, कारण इथे लोक अडकतात. १२ गेजच्या प्रत्येक वायरीला २.२५ घन इंच. जीएफसीआयच्या डब्यात दोन केबली, म्हणजे दोन काळ्या, दोन पांढऱ्या: ९. सगळ्या अर्थ मिळून एक: २.२५. उपकरणाच्या दोन: ४.५. बेरीज १५.७५. कागदावर १८ चा डबा पुरतो. प्रत्यक्षात जीएफसीआय विटेएवढा जाड आणि १२ गेज ताठ, दाबून बसवताना एखादी वायर स्क्रूखालून निसटते. २२ च्या वरचा डबा घ्या.

मागच्या भोकात वायर नुसती खुपसायची सोय असते ती वापरली नाही. ती १४ गेजपुरतीच असते आणि कालांतराने सैल पडते. स्क्रूभोवती वळवून आवळल्या. ब्रेकरचा स्क्रू टॉर्क स्क्रूड्रायव्हरने, म्हणजे आवळायचा जोर मोजणाऱ्याने, जितका ब्रेकरवर लिहिलाय तितका. तो मागून आणला, विकत घेतला तर पन्नासेक डॉलर.

अजून वीज दिलेली नाही. फ्रीझर जुन्याच जागी.

८ मे

पहिली तपासणी. नापास.

इन्स्पेक्टर मोजकं बोलणारे. दोन गोष्टी दाखवल्या. एक, डब्यापासून आठ इंचांच्या आत केबलला स्टेपल हवा. माझा अकरावर होता. दुसरी, तळघरातून भिंतीत शिरताना पाडलेलं भोक तसंच उघडं. खाली आग लागली तर तेच भोक धुराड्याचं काम करतं. सीलंट आणलेलं होतं, तपासणीनंतर भरू म्हणून ठेवलं होतं. ते आधी भरायचं असतं.

स्टडच्या, म्हणजे भिंतीतल्या उभ्या लाकडाच्या, कडेपासून सव्वा इंचाच्या आत भोक गेलं तिथे लोखंडी पट्टी ठोकलेली पाहून मात्र त्यांनी मान डोलावली. टॉर्कचं त्यांनी विचारलं, स्क्रूड्रायव्हर दाखवला.

मी विचारलं, फ्रीझरला जीएफसीआय नको म्हणतात. ते म्हणाले, लोक बरंच काही म्हणतात.

१४ मे

दुरुस्त करून पुन्हा तपासणी, पास. भिंत बंद केली. पट्टी, टेप, पुट्टीचे थर, मध्ये वाळायला थांबणं. वीजकामापेक्षा याचाच कंटाळा आला.

१८ मे

वीज दिली. जीएफसीआय रीसेटच होईना. बटण दाबलं की पुन्हा बाहेर. वायरी, डबा, ब्रेकर सगळं पाहून झाल्यावर लक्षात आलं, लाइन आणि लोड उलट जोडलेत. पॅनलकडून येणारी केबल लाइनला हवी, आउटलेटकडे जाणारी लोडला. नव्या जीएफसीआयमध्ये उलट जोडल्यावर तो लागतच नाही अशी सोय असते. जुन्यात तो लागायचा आणि संरक्षण मिळतंय असं वाटत राहायचं. डब्यात केबली आत घेतानाच एकीवर मार्करने पॅनल असं लिहिलं असतं तर हे टळलं असतं.

उलटसुलट करून जोडलं, लागला, हिरवा दिवा. टेस्ट दाबून फ्रीझरमागच्या आउटलेटमधला दिवा विझतो हे पाहिलं. प्लगमध्ये लावायच्या टेस्टरने फेज-न्यूट्रल योग्य बाजूला आहेत याची खात्री केली.

आउटलेटवर १२१ व्होल्ट. कंप्रेसर चालू असताना त्यात दिसण्याजोगा फरक नाही. व्होल्टेज ड्रॉपबद्दल चिंता करणाऱ्यांसाठी: आमची केबल ४० फुटांच्या आत. १२ गेजला हजार फुटांना साधारण १.६ ओहम, जाऊन-येऊन ८० फूट, म्हणजे ०.१३ ओहम. उठतानाच्या ९ अँपिअरलासुद्धा साधारण १.२ व्होल्ट पडतो. वायर जाड करायचा विचार शंभर फुटांच्या पुढे करावा.

मग मुलीला हेअर ड्रायर पूर्ण वेगावर लावायला सांगितला आणि गॅरेजच्या जुन्या आउटलेटवर शॉप व्हॅक, म्हणजे मोठा व्हॅक्यूम क्लीनर. जुना ब्रेकर पडला. फ्रीझर चालू. मुलगी वरून ओरडली, "बाबा, केस ओले आहेत माझे!"

२१ मे

शेवटची तपासणी, पास. पॅनलच्या यादीत फ्रीझर लिहिलं, पेन्सिलने नाही.

सगळा खर्च २६२ डॉलर. त्यात परमिट, मोडलेलं बिट आणि अंगणातलं आउटलेटसुद्धा. फ्रीझर आणि केग वेगळे. इलेक्ट्रिशियन परमिट धरून सहाशेच्या वर गेला असता. पण शनिवार-रविवार मोजले तर स्वस्त पडलं असं मी म्हणणार नाही.

१५ जून

वेगळं सर्किट झालं तरी वीज जाते तेव्हा जातेच. उन्हाळ्यातल्या वादळात चारेक तास गेली. गॅरेज ८० अंशांवर. केग ३८ वरून ४२ वर. झाकण उघडलं नाही हे महत्त्वाचं. वीज परत आली तेव्हा कंट्रोलरने दहा मिनिटं थांबून मगच कंप्रेसर उठवला.

तरी आम्ही घरी नसताना काय, म्हणून बॅटरीवर चालणारा तापमानाचा अलार्म घेतला, १८ डॉलर. ४५ अंशांच्या वर गेलं की कर्कश वाजतो. वायफायचा घ्यायचा विचार होता, पण वीज गेली की राउटरही जातो, त्याला वेगळा यूपीएस हवा. तूर्त हाच. एकूण २८० झाले.

पुण्याच्या दादाला फोटो पाठवले. त्याला बिअर घरी करणं हेच बेकायदा वाटत होतं. अमेरिकेत १९७८ मध्ये कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअर करमुक्त झाली. घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत, विकायची मात्र नाही. तरी राज्यांचे कायदे वेगळे, अलाबामा आणि मिसिसिपीने २०१३ साली परवानगी दिली. त्याने विचारलं, "म्हणजे साडेसातशे लिटर? आणि सर्किट एकच?"

२६ ऑक्टोबर

थंडीची तयारी. गॅरेज जानेवारीत गोठणबिंदूच्या खाली जातं, आणि मग फ्रीझर बंद राहूनही बिअर गोठू शकते. उणे दोन सेल्सिअसच्या आसपास ती धरायला लागते. कंट्रोलरला थंड आणि गरम अशी दोन सॉकेटं आहेत. गरमच्या सॉकेटला फर्मेंटेशनसाठीचा ४० वॉटचा हीटिंग बेल्ट लावला, केगभोवती गुंडाळून. दोन्ही एकाच कंट्रोलरवर असल्याने एका वेळी एकच चालतं. ३८ च्या खाली ३ अंश उतरलं की बेल्ट, वर २ अंश गेलं की कंप्रेसर. हा फरक कमी ठेवला तर दोघं एकमेकांवर कुरघोडी करत बसतात आणि बिलात दिसतं.

कंट्रोलर चौकटीच्या आतून काढून बाहेर भिंतीला लटकवला. आत दव धरतं आणि त्याच्या खालच्या कडेला ओल दिसली होती. आत दमटपणा शोषणारा पुन्हा वापरायचा डबा ठेवलाय, दोन-तीन आठवड्यांनी वाळवावा लागतो.

बाकी राहिलेलं काम: वरच्या बाथरूमचं आउटलेट अजून गॅरेजमधल्या जुन्या जीएफसीआयवरच आहे. त्याला स्वतःचं २० अँपिअरचं सर्किट द्यायचं तर वरच्या मजल्यापर्यंत भिंत उघडावी लागेल. त्याचं परमिट वेगळं, आणि ड्रायवॉल मी करणार नाही.